बेरिया कुणाचे? अध्यक्ष फ्रॉस्ट आणि 1904 चा कायदा

1904 च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजने एक वेगळाच खर्च केला. आपल्याच विद्यार्थ्यांना दुसऱ्या शिक्षणसंस्थांत पोचवण्यासाठी गाडीभाडे दिले. ही मुले नापास झाली नव्हती, त्यांच्या वागण्याबद्दल तक्रार नव्हती, शुल्क थकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बेरियात शिकवण्याचे शुल्क घेतच नसत. मुले कृष्णवर्णीय होती, एवढेच. त्या जुलैपासून केंटकीत कायदा लागू झाला होता: गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका शाळेत शिकायचे नाही. कुणी टेनेसीत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात गेले, कुणी व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला. बेरियात मागे राहिली ती फक्त गोरी मुले.

त्या वेळी कॉलेजचे अध्यक्ष होते विल्यम गुडेल फ्रॉस्ट. अमेरिकन कॉलेजचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचा प्राचार्य, संस्थेचा चिटणीस आणि दारोदार फिरून देणग्या जमवणारा संस्थाचालक, हे तिघे एकाच माणसात. फ्रॉस्ट 1892 ते 1920 अशी 28 वर्षे त्या खुर्चीवर होते.

हे प्रकरण सहसा असे सांगितले जाते की एका उदार कॉलेजवर एका दुष्ट कायद्याने घाला घातला, कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि हरले. यातला शब्दन् शब्द खरा आहे. तरीही मला ही मांडणी अपुरी वाटते. कायद्याने बेरियाचे दोन तुकडे केले. पण कुऱ्हाड कुठे पडणार ती रेघ त्याआधी बारा वर्षे आखली जात होती. आणि ती आखणारा माणूस सज्जन, कष्टाळू, गरिबांबद्दल खरा कळवळा असलेला होता. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

गाव आणि शाळा

बेरिया हे मुळात एका माणसाच्या हट्टातून उभे राहिलेले गाव. जॉन ग्रेग फी केंटकीतल्या गुलाममालकाच्या घरात जन्मले, धर्मोपदेशक झाले आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक बनले. वडिलांनी त्यांना तोडले. कॅशियस मार्सेलस क्ले या गुलामगिरीविरोधी जमीनदाराने 1850 च्या दशकात मॅडिसन परगण्यात त्यांना थोडी जमीन दिली. (मुष्टियोद्धा महंमद अली यांचे जन्मनाव याच क्लेंवरून आलेले.) तिथे 1855 मध्ये एका खोलीची शाळा सुरू झाली. बायबलातले एक वचन त्यांनी संस्थेसाठी निवडले. त्याचा आशय असा की देवाने पृथ्वीवरची सगळी माणसे एकाच रक्ताची घडवली. आजही ते कॉलेजचे बोधवाक्य आहे.

गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात हे बोलणे म्हणजे आगीशी खेळ होता. 1859 च्या ऑक्टोबरात गुलामांचे बंड उभे करण्यासाठी जॉन ब्राऊन या गुलामगिरीविरोधी बंडखोराने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला आणि दक्षिणेत भीतीची लाट पसरली. डिसेंबरात शस्त्रधारी गोऱ्यांचा जमाव बेरियात आला आणि फी व त्यांच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर घालवून दिले. यादवी युद्धाच्या काळात फी परतले. कॅम्प नेल्सन या लष्करी छावणीत काळ्या सैनिकांची भरती होत होती, तिथे त्यांनी शिकवले आणि त्या सैनिकांच्या कुटुंबांना बेरियात येऊन राहण्याचे आमंत्रण दिले. 1866 मध्ये शाळा पुन्हा उघडली. पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गात येऊन बसले तेव्हा बरेच गोरे विद्यार्थी उठून निघून गेले. त्यांतले काही नंतर परतले. त्या पहिल्या वर्षाची पटसंख्या 187 होती: 96 कृष्णवर्णीय, 91 गोरे.

या आकड्यांपाशी मी नेहमी थांबतो. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेले. कालपर्यंत गुलाम असलेल्यांची मुले आणि कालपर्यंत गुलामगिरी पाहत वाढलेली गोरी मुले एका बाकावर बसत होती, आणि तीही जवळपास निम्मी-निम्मी. 1872 मध्ये विश्वस्तांनी तर काळ्या-गोऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी एकमेकांसोबत फिरायला जाण्यालाही रीतसर मुभा दिली. 1873 मध्ये कॉलेजच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केले. बेरियाचे नाव त्यांच्या कानावर जाण्याचे कारण नव्हते, पण ज्या लोकांना उद्देशून ते लिहीत होते त्यांत जॉन फी सर्वार्थाने बसतात.

ही निम्मी-निम्मी रचना सुमारे पंचवीस वर्षे टिकली, आणि तीही पोकळ आदर्शावर नव्हे. दोन्ही समाजांना बेरिया आपले वाटत होते. कृष्णवर्णीय पदवीधर केंटकीभर शाळा चालवत होते. फ्रँकफर्ट येथे कृष्णवर्णीयांसाठी राज्याने काढलेल्या अध्यापक विद्यालयाचे पहिले प्रमुख जॉन जॅक्सन बेरियाचेच.

फ्रॉस्ट येतात

फ्रॉस्ट यांचा जन्म 1854 चा, न्यूयॉर्क राज्यातला. शिक्षण ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात झाले आणि तिथेच ते ग्रीक शिकवू लागले. ओबर्लिन म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळीचे माहेरघर. तिथे काळ्या विद्यार्थ्यांना युद्धाच्या कितीतरी आधीपासून प्रवेश होता. त्यामुळे 1892 मध्ये बेरियाला अध्यक्ष म्हणून आलेल्या या माणसाच्या मनात वर्णद्वेष भरलेला होता असे कुणी म्हणू शकत नाही.

त्यांच्या हाती आलेले कॉलेज मात्र खंगलेले होते. पट साडेतीनशेच्या आसपास, त्यात कृष्णवर्णीय निम्म्याहून किंचित अधिक. तिजोरीत खडखडाट. युद्धानंतर मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी सढळ हाताने देणारी उत्तरेतली पिढी म्हातारी झाली होती, तिच्या मुलांना त्या प्रश्नात रस उरला नव्हता. ज्यांना उरला होता ते कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगीला किंवा हॅम्प्टनला, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या संस्थांना, देत. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकावे या विचाराला दाता मिळणे अवघड झाले होते.

फ्रॉस्टना वाट सापडली ती डोंगरात. 1893 च्या सुमारास ते घोड्यावरून केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात फिरले. तिथे ओंडक्यांच्या झोपड्यांत राहणारे, हातमागावर विणणारे, इंग्रजीचे जुने शब्द अजून वापरणारे गरीब गोरे लोक होते. रस्ते नव्हते, शाळा वर्षातून दोन-तीन महिने चालत. या मुलखाला त्यांनी ‘अ‍ॅपलेशियन अमेरिका’ म्हटले, आणि 1899 मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकात लेख लिहून या लोकांची ओळख ‘आपले समकालीन पूर्वज’ अशी करून दिली. न्यूयॉर्क-बोस्टनच्या श्रीमंत वाचकाला सांगण्याचा आशय असा: हे तुमचेच रक्त आहे, तुमचे आजोबा-पणजोबा जसे राहत तसे हे आजही राहतात, यांना हात द्या.

हे आवाहन अचूक लागू पडले. फ्रॉस्ट हे जबरदस्त वक्ते होते. दौऱ्यावर जाताना ते डोंगरातल्या बायकांनी विणलेल्या चादरी बरोबर नेत. लोकांना त्या इतक्या आवडल्या की घरी विणलेल्या मालाची विक्री कॉलेजमार्फत सुरू झाली. मुलींच्या शिक्षणाचा खर्च त्यातून निघू लागला. आपल्याकडे ज्याला ‘कमवा आणि शिका’ म्हणतात तो प्रकार बेरियात आधीपासून होता, फ्रॉस्टनी त्याला व्यवस्थेचे रूप दिले. शुल्क नाही, पण प्रत्येकाने काम करायचे. सुतारकी, शेती, छापखाना, विणकाम. आज बेरियाची जगभर ओळख आहे ती याच गोष्टीसाठी, आणि ते श्रेय फ्रॉस्टना दिलेच पाहिजे.

आता आकडे पाहू. दहा-अकरा वर्षांत पट साडेतीनशेवरून नऊशेच्या पुढे गेला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या दीडशे ते पावणेदोनशेच्या दरम्यान राहिली. म्हणजे कुणाला काढून टाकले नव्हते. जागा होत्या तेवढ्याच जवळपास राहिल्या, बाकी सगळी वाढ गोऱ्यांची झाली. निम्म्याहून अधिक असलेला हिस्सा सहाव्या हिश्श्यावर आला. हिशेबाच्या वहीत शोधले तर अन्यायाची एकही नोंद सापडणार नाही.

वहीबाहेर मात्र सापडते. एकमेकांसोबत फिरायला जाण्याची 1872 ची मुभा फ्रॉस्टच्या काळात काढून घेतली गेली. वसतिगृहांत आणि रोजच्या व्यवहारात अंतर वाढत गेले. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थी मागत होते की अध्यापकवर्गात आमचा प्राध्यापक असू द्या. ते झाले नाही. त्यांनी उघड तक्रारी केल्या, अध्यक्षांवर विश्वासघाताचा आरोप केला. वृद्ध जॉन फीसुद्धा या वळणाने अस्वस्थ होते. त्यांना डोंगरातल्या मुलांचे वावडे नव्हते, पण कॉलेजचा मूळ हेतू मागे पडतो आहे हे त्यांना दिसत होते. 1901 च्या जानेवारीत ते गेले.

फ्रॉस्ट यांचे म्हणणे असे की केंटकीत गोरे काळ्यांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त आहेत, तेव्हा कॉलेजातले प्रमाणही तसेच असणे स्वाभाविक. आणि गोऱ्या मुलांना काळ्यांबरोबर बसायची सवय लावायची तर गोरी मुले आधी कॉलेजात यायला हवीत. युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की एका समाजासाठी बेरिया घरासारखे होते ते हळूहळू पाहुणचार झाले. घर आणि पाहुणचार यांतला फरक संकट येईपर्यंत कळत नाही. याच काळात, 1903 मध्ये, बेरियातून पदवी घेऊन एक तरुण बाहेर पडला: कार्टर जी. वुडसन. पुढे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास अमेरिकेत रुजवला, 1926 मध्ये त्यासाठी खास सप्ताह सुरू केला. आणखी एक-दोन वर्षे उशीर झाला असता तर त्यांना बेरियाचे दार बंदच दिसले असते.

कार्ल डे यांचे विधेयक

1904 च्या जानेवारीत केंटकीच्या विधानसभेत कार्ल डे या सदस्याने विधेयक मांडले. ते ब्रेथिट परगण्याचे. नकाशात पाहिले तर ब्रेथिट पूर्वेच्या डोंगरातच आहे. ज्या डोंगराळ मुलखासाठी फ्रॉस्टनी बारा वर्षे जिवाचे रान केले, त्याच मुलखातून हा घाव आला. ही गोष्ट फ्रॉस्टना किती लागली असेल याची मला कल्पना करवत नाही. डोंगरातल्या लोकांनी कधी गुलाम पाळले नाहीत, ते वर्णद्वेषापासून मुक्त आहेत, असे ते देणगीदारांना सांगत आले होते.

काळ वाईट होता. 1896 च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले होते, म्हणजे सोयी समान असल्या तर काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवायला हरकत नाही. केंटकीच्या राज्यघटनेने सरकारी शाळा आधीच वेगळ्या केल्या होत्या. शेजारच्या टेनेसीने 1901 मध्ये खासगी संस्थांनाही तोच नियम लावला आणि तिथल्या मेरीव्हिल कॉलेजला काळ्या विद्यार्थ्यांना निरोप द्यावा लागला. म्हणजे धोक्याची घंटा तीन वर्षे आधी वाजली होती.

विधेयकात बेरियाचे नाव नव्हते, पण केंटकीत असे एकत्र शिकवणारे कॉलेज दुसरे नव्हतेच. शिक्षा कडक होत्या. संस्थेला 1,000 डॉलर दंड आणि शिक्षा झाल्यावरही शिकवणे चालू ठेवले तर दर दिवसाला 100 डॉलर, शिक्षकालाही तसेच, वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यालासुद्धा दिवसाला 50 डॉलर. एक पळवाट ठेवली होती: दुसऱ्या वर्णासाठी वेगळी शाखा काढता येईल, पण ती निदान 25 मैल दूर असली पाहिजे.

फ्रॉस्ट राजधानी फ्रँकफर्टला गेले. आमदारांना भेटले, समितीपुढे बोलले. त्यांचा बचाव वाचताना मन विषण्ण होते. काळ्यांची संख्या आता किती थोडी आहे, त्यांचा सामाजिक व्यवहार कसा वेगळा ठेवला जातो, एकत्र येणे केवळ वर्गापुरते कसे आहे, हे पटवण्यावर भर होता. प्रतिपक्षाची मूळ भूमिका मान्य करूनच ते सूट मागत होते. जॉन फी असते तर त्यांनी बायबलातले ते एक वाक्य म्हटले असते आणि मारही खाल्ला असता. फ्रॉस्टची पद्धत आमदारांना मऊ करील अशी आशा होती. ती फोल ठरली. विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर झाले, मार्चमध्ये गव्हर्नर बेकहॅम यांची सही झाली.

खटला

विश्वस्तांनी कायद्याला आव्हान द्यायचे ठरवले, आणि इथे संस्थेने कुचराई केली नाही. 1904 च्या ऑक्टोबरात मॅडिसन परगण्याच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) बेरियावर आरोप ठेवला, स्थानिक न्यायालयाने 1,000 डॉलर दंड केला. 1906 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला. वंशांची सरमिसळ टाळणे हा राज्याचा रास्त हेतू आहे, असे त्या निकालपत्रात स्पष्ट लिहिले आहे. 25 मैलांची अट तेवढी अवाजवी ठरवून रद्द केली. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेले. बेरियाच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत जॉन कार्लाइल होते: केंटकीचेच, एकेकाळी प्रतिनिधीगृहाचे सभापती, नंतर देशाचे अर्थमंत्री.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 9 नोव्हेंबर 1908 रोजी आला. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी बहुमताचा निकाल लिहिला, आणि तो मुख्य प्रश्नाला शिताफीने बगल देणारा आहे. कॉलेज ही नोंदणीकृत संस्था, तिला सनद राज्याने दिली; सनद बदलण्याचा अधिकार राज्याने राखून ठेवलेला; तेव्हा हा कायदा म्हणजे सनदेतली दुरुस्ती समजावी. माणसाला माणसाबरोबर स्वेच्छेने शिकायला राज्य मना करू शकते का, या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरजच नाही. दोन न्यायमूर्तींनी, होम्स आणि मूडी यांनी, नुसत्या निष्कर्षाला संमती दिली. विल्यम डे यांनी असहमती नोंदवली. (कायद्याचे जनक कार्ल डे वेगळे; आडनावामुळे गोंधळ होतो.)

आणि न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी सविस्तर विरोधी मत लिहिले. हार्लन केंटकीचे, स्वतः एकेकाळचे गुलाममालक, आणि प्लेसी खटल्यात एकटे विरोधात उभे राहिलेले. त्यांनी विचारले: विधिमंडळाने सनद दुरुस्त करायला बसून हा कायदा केला असे कोण प्रामाणिकपणे म्हणेल? शिक्षक आणि विद्यार्थी यांनाही दंड लावणारा कायदा फक्त संस्थेपुरता कसा वाचता येईल? आज खासगी कॉलेजात एकत्र शिकणे गुन्हा ठरवता येत असेल, तर उद्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात किंवा चर्चमध्ये एकत्र बसणेही गुन्हा ठरवता येईल. निरपराध हेतूने, आपखुशीने एकत्र येणाऱ्या नागरिकांत सरकारने केवळ वर्णावरून भेद करावा इतका आपल्यात वर्णद्वेष मुरला आहे का, हा त्यांचा सवाल आजही वाचताना अंगावर येतो. तरी त्याच मतात हार्लन यांनी म्हणून ठेवले की सरकारी शाळांबद्दल मी इथे काही बोलत नाही. इतक्या धैर्याच्या माणसालाही त्या दिवशी एक दार बंदच ठेवावेसे वाटले.

निवड

न्यायालयात हरण्यापेक्षा मला दुसरा क्षण जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो खटल्याच्या आधीच, 1904 च्या उन्हाळ्यात येऊन गेला. कायदा म्हणत होता की दोघांना एकत्र शिकवू नका. कुणाला ठेवायचे ते कायदा सांगत नव्हता. इमारती, शेती, छापखाना, निधी, नाव, बोधवाक्य, हे सगळे कुणाकडे राहायचे, हा निर्णय विश्वस्त आणि अध्यक्ष यांचा होता.

वाटा अनेक होत्या. कायदा मोडून रोजचा दंड सोसणे. याने वर्षभरात संस्था बुडाली असती आणि विद्यार्थीही दंडाला पात्र झाले असते, तेव्हा ती वाट कुणी सुचवली नाही याचा दोष मी देत नाही. ओहायोसारख्या राज्यात स्थलांतर. पण मग डोंगरही सुटणार आणि केंटकीतले काळेही. तिसरी वाट होती बेरिया कृष्णवर्णीयांसाठी ठेवण्याची आणि डोंगरातल्या गोऱ्यांसाठी नवे काही उभारण्याची. ही वाट वरवर अव्यवहार्य दिसते, पण पैशाच्या बाजूने पाहिले तर उलट आहे. गोऱ्या डोंगरी मुलांसाठी पैसा उभा करणे फ्रॉस्टना हातखंडा जमत होते. नवे कॉलेज त्यांच्यासाठी काढणे सोपे गेले असते. आणि केंटकीतल्या काळ्या तरुणांना उच्च शिक्षणाच्या जागा राज्यात जवळजवळ नव्हत्याच, गोऱ्यांना होत्या. गरज आणि सोय, दोन्ही तराजू एकीकडे झुकत होते.

तरी निर्णय दुसरीकडे गेला. बेरिया गोऱ्यांचे राहिले. नऊशे मुलांत सहापैकी पाच गोरी असताना दीडशे मुलांसाठी कॅम्पस द्यायचा, हे 1904 मध्ये कुणाला सुचणेही शक्य नव्हते. 1892 मध्ये हाच कायदा आला असता तर? तेव्हा पट निम्मा-निम्मा होता, फी हयात होते, काळे माजी विद्यार्थी संस्थेत वजन राखून होते. तेव्हा प्रश्न निदान टेबलावर आला असता. बारा वर्षांच्या वाढीने तो प्रश्नच नाहीसा केला, आणि फ्रॉस्टना ती वाढ म्हणजे आपले यश वाटत होते. ते यश होतेही.

लिंकन इन्स्टिट्यूट

फ्रॉस्टनी हात झटकले नाहीत, हे सांगायला हवे. कृष्णवर्णीयांसाठी नवी संस्था उभारण्याकरता चार लाख डॉलर जमवायचे ठरले. अँड्र्यू कार्नेगी यांनी तेवढीच रक्कम इतरांनी आणावी या अटीवर दोन लाख देऊ केले. उरलेल्यासाठी फिरणाऱ्यांत जेम्स बाँड हे धर्मोपदेशक होते. गुलामगिरीत जन्मलेले, 1892 मध्ये, म्हणजे फ्रॉस्ट आले त्याच वर्षी बेरियातून पदवीधर झालेले, पुढे बेरियाचे विश्वस्त. नागरी हक्क चळवळीतले ज्युलियन बाँड हे त्यांचे नातू. ज्या संस्थेने आपल्या लोकांना बाहेर काढले तिच्याच वतीने आपल्याच गरीब लोकांकडून डॉलर-डॉलर गोळा करत हिंडणे, हे काम त्यांनी कसे केले असेल हे विचारात पाडते.

जागा शोधतानाही छळ चुकला नाही. शेल्बी परगण्यात सिम्पसनव्हिलजवळ जमीन घेतली, तर गोऱ्या रहिवाशांनी विरोध केला. विधिमंडळाने अशी शाळा काढण्याआधी स्थानिक मतदारांची संमती हवी असा कायदा केला. 1910 मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. अखेर 1912 च्या ऑक्टोबरात लिंकन इन्स्टिट्यूट उघडले. पहिले प्रमुख गोरे. अभ्यासक्रमात भर हस्तव्यवसाय, शेती, घरकाम आणि शिक्षक-प्रशिक्षणावर. बेरियात काळी मुले लॅटिन, ग्रीक, गणित शिकून पदवी घेत होती. लिंकनमध्ये ते कॉलेज कधी उभे राहिलेच नाही. वुडसन यांना बेरियात मिळाले ते लिंकनमध्ये मिळाले नसते.

मात्र त्या संस्थेने स्वतःच्या बळावर मोठी माणसे घडवली. 1935 मध्ये व्हिटनी यंग सीनियर हे तिचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख झाले. डबघाईला आलेली शाळा त्यांनी सावरली. त्यांचा मुलगा व्हिटनी यंग ज्युनियर त्याच आवारात जन्मला, तिथेच शिकला आणि 1960 च्या दशकात नॅशनल अर्बन लीग या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचा नेता म्हणून देशभर ओळखला गेला.

फ्रॉस्ट यांच्याबद्दल

1920 मध्ये फ्रॉस्ट निवृत्त झाले तेव्हा बेरियाचा पट दोन हजारांवर होता, निधी भक्कम होता, आणि डोंगरातल्या हजारो मुलामुलींना त्यांच्यामुळे अक्षरओळखच नव्हे तर आयुष्य मिळाले होते. मी त्यांना खलनायक म्हणणार नाही. त्यांनी एका वंचित समाजासाठी जीव ओतला. माझा आक्षेप नेमका आहे: दोन वंचितांपैकी ज्याच्यासाठी पैसा सहज मिळतो त्याच्याकडे संस्था वळवणे हा त्यांना धोरणाचा प्रश्न वाटला, विश्वासाचा वाटला नाही. देणगीदाराला जे गोड लागते ते सांगता सांगता ‘एका रक्ताची माणसे’ या वचनाचा अर्थ ‘आपल्या रक्ताची माणसे’ असा होत गेला. हा बदल कुठल्याही ठरावात लिहिलेला नाही. तो भाषणांत झाला, प्रवेशांत झाला, चादरींच्या गाठोड्यांबरोबर झाला.

ते 1938 मध्ये बेरियातच वारले. तोवर एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी परत आलेला नव्हता.

1950 मध्ये केंटकीने कायद्यात दुरुस्ती केली. तीही पूर्ण मोकळीक नव्हती: संस्थेच्या चालकांनी तसे ठरवले आणि तो अभ्यासक्रम कृष्णवर्णीयांच्या राज्य कॉलेजात तितक्याच दर्जाने मिळत नसेल, तरच प्रवेश देता येणार होता. बेरियाच्या विश्वस्तांनी लगेच दार उघडले. आत आले ते अगदी मोजके विद्यार्थी. जेम्स बाँड यांच्या पिढीने आपल्या मुलांना ज्या बेरियाबद्दल सांगितले होते, ते या नव्या मुलांच्या घरी कुणी पाहिलेले नव्हते.